वरच्या मजल्यावरची उपासना

त्या वर्षी चर्चच्या फाटकावर एक मोठा फ्लेक्स लागला. वर तेलुगूत, खाली इंग्रजीत, अर्थ एकच: आराधना हा रविवारचा कार्यक्रम नाही, ती जगण्याची रीत आहे. वर्षभर याच विषयावर प्रवचनं होणार होती. फ्लेक्सवर उगवता सूर्य होता आणि पाठमोरी माणसं होती, सगळी तरुण, सगळ्यांचे दोन्ही हात वर. त्याच वर्षी माझ्या वडिलांना लकवा मारला आणि त्यांचा उजवा हात कायमचा खाली राहिला.

चर्च आमचं म्हणायचं, पण मालकी आमची नव्हती. नारायणगुड्यातलं ते चर्च तेलुगू मंडळीचं. आम्ही मराठी ख्रिस्ती मूठभर. कुणी नोकरीसाठी, कुणी लग्न होऊन मराठवाड्यातून हैदराबादला आलेलो. सकाळची मोठी तेलुगू उपासना आटोपली की दुपारी तळमजल्याचा हॉल आम्हाला मिळायचा आणि तिथे आमची मराठी उपासना व्हायची. मी फ्रॉक घालायचे तेव्हापासून हे असंच चाललं होतं.

गीत उचलायचं काम पप्पांचं. पेटी वाजवणारा कुणी असो वा नसो, पप्पा उभे राहत, गळा साफ करत आणि पहिली ओळ धरत. मग बाकीचे. आठवडाभर ते बस डेपोत मेकॅनिक होते, नखांतलं ग्रीस कधी पुरतं निघायचं नाही. रविवारी मात्र पांढरा शर्ट, त्याला कडक इस्त्री, आणि तीसुद्धा स्वतः केलेली. डेपोत बसचं बॉनेट उघडण्याआधी ते क्षणभर डोळे मिटायचे. त्यांच्याबरोबरचे लोक, कुणी मुसलमान, कुणी हिंदू, तेवढा वेळ हातात पाना धरून थांबायचे. नव्या माणसाने घाई केली तर जुने त्याला सांगायचे, "ठैरो, चाचा का हो जाने दो." म्हणून फ्लेक्सवर काय लिहिलंय ते मी त्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "मग यात नवीन काय?"

नवीन होतं ते निराळंच. चर्चने तरुणांसाठी संध्याकाळची इंग्रजी उपासना सुरू केली होती. तिच्यासाठी ड्रम आले, कीबोर्ड आला, रंगीत दिवे आले. हे सगळं लावायला आणि तपासायला दुपार लागायची. म्हणून मराठी मंडळीने वरच्या मजल्यावरच्या हॉलमध्ये जावं, असं ठरलं. ठरवलं कुणी, ते कधीच कळलं नाही. एका रविवारी गेलो तर खालचं दार बंद आणि आतून ढमढम. आमचे सेक्रेटरी म्हणाले, "चला, वर चला, तिथे हवा छान आहे." सेक्रेटरी म्हणजे हिमायतनगरात राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले सद्गृहस्थ. मराठी मंडळीचा सगळा कारभार तेच बघायचे.

त्यानंतर काही महिन्यांतच पप्पांना लकवा झाला. वाचा गेली नाही, पण जीभ जड झाली. उजवी बाजू गेली. दवाखान्यातून घरी आल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो औषधांचा नव्हता. "रविवारचं कसं करायचं?"

मी लग्न केलेलं नाही. आई जाऊन बरीच वर्षं झाली. नल्लकुंट्याच्या भाड्याच्या घरात आम्ही दोघंच. मी एका खासगी कॉलेजच्या ऑफिसात काम करते, आठवडाभर विद्यार्थ्यांच्या आणि पालकांच्या रांगा निपटते, आणि रविवार हा माझा सगळ्यात कष्टाचा दिवस असतो. दाढी करून द्यायची. शर्टाची बाही आधी निकामी हातात, मग चांगल्या हातात. इस्त्रीत एक चुणी राहिली तरी ती त्यांना दिसायचीच. मग ऑटो. व्हीलचेअर दिसली की ऑटोवाले वेग वाढवतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी एकटी रस्त्यावर उभी राहून ऑटो थांबवायचे आणि तो थांबला की पप्पांना फाटकाआडून बाहेर आणायचे. ऑटोवाल्याचा चेहरा पडायचा. पप्पा त्याला सलाम करायचे आणि मला त्या सलामाचाच राग यायचा.

एवढं करून चर्चला पोचावं तर समोर जिना.

सुरुवातीला मंडळीतले पुरुष धावून आले. प्लास्टिकच्या हातवाल्या खुर्चीत पप्पांना बसवायचं, छातीभोवती ओढणी बांधायची आणि खुर्ची उचलायची. पण आमच्या मंडळीत तरुण राहिलेत कुठे? उचलणाऱ्यांपैकी एकाचं हर्नियाचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याला दम लागायचा. महिन्याभरात माणसं नेमकी आम्ही पोचायच्या आधी वर जाऊन बसायला लागली. मी खालून हाका मारायचे. वरून गीताचा आवाज यायचा, दुसरंच कुणीतरी उचललेलं.

मी सेक्रेटरींना म्हटलं, "अंकल, एक तासाचा तर प्रश्न आहे. खालचा हॉल परत मागा ना."

"मागू की. पण आपण पाहुणे आहोत, बेटा. नीट वेळ बघून विषय काढावा लागेल."

"कधी?"

"प्रार्थनेत ठेवू या."

हे वाक्य मी त्या वर्षात इतक्यांदा ऐकलं की कुणी प्रार्थनेचं नाव काढलं तरी माझ्या कपाळाची शीर उडायची. मला प्रार्थना नको होती असं नाही. मला हॉलची किल्ली हवी होती.

मग मीच तेलुगू मंडळीच्या पास्टरांकडे गेले. वयाने माझ्यापेक्षा बरेच लहान, बोलायला गोड. सगळे त्यांना अय्यगारू म्हणत, मीही. आमचं बोलणं हैदराबादी हिंदीत व्हायचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पप्पांच्या तब्येतीची चौकशी केली, डोळे मिटून माझ्यासमोरच प्रार्थना केली आणि म्हणाले, "आंटी, टेन्शन नक्को लेओ. आमची मुलं आहेत ना. अंकलना ती उचलून नेतील. हीच तर खरी आराधना."

मुलांनी खरंच उचललं, हे मला मान्य करायलाच हवं. संध्याकाळच्या संगीत-टीममधली चार दणकट पोरं पुढच्या रविवारी दारातच उभी होती. त्यांनी पप्पांना असं अलगद वर नेलं की मला रडू आलं. पप्पा त्या दिवशी गायले. जीभ जड असल्याने त्यांचा सूर सगळ्यांच्या अर्धी ओळ मागे राहत होता, पण गायले. उपासना संपल्यावर पोरांनी त्यांना खाली आणलं. टीममधलीच एक मुलगी जिन्यावर पुढे-मागे करत होती, हातात फोन. ती कुणालातरी मेसेज करत असेल असं मला वाटलं.

पुढच्या रविवारी सकाळच्या तेलुगू उपासनेत मोठ्या पडद्यावर व्हिडिओ दाखवला गेला. आम्ही तिथे नव्हतो. तो आमच्यापर्यंत आला जालन्याच्या चुलत भावाच्या फोनवरून. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला आणि वर फोन करून म्हणाला, "ताई, काका तर फेमस झाले! आमच्या इकडच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय."

पप्पांनी तो बघायला मागितला. मी आधी बघून घ्यायला हवा होता, पण फोन त्यांच्या डाव्या हातात गेलासुद्धा.

मागे संथ कीबोर्ड. चार पोरं, घामाने डवरलेली, हसरी. मध्ये खुर्चीत पप्पा. शर्ट वर सरकून पोट उघडं पडलेलं, तोंड एका बाजूला ओढलेलं, ओठाच्या कोपऱ्यातून लाळ. खालून घेतलेलं चित्र, त्यामुळे पँटचा ओला डागही दिसत होता. तो डाग पडला होता हे मलासुद्धा ठाऊक नव्हतं. व्हिडिओच्या शेवटी अक्षरं आली: आराधना हीच जीवनपद्धती. त्याआधी बायबलमधल्या, छप्पर उघडून लकवा झालेल्या माणसाला प्रभूपुढे उतरवणाऱ्या चार मित्रांचा उल्लेख होता. त्या चौघांच्या जागी ही चार पोरं, असा अर्थ.

पप्पांनी व्हिडिओ पूर्ण पाहिला आणि फोन उलटा करून पलंगावर ठेवला.

"त्या गोष्टीतला तो आजारी माणूस," ते म्हणाले, "त्याला कुणी एक शब्द बोलू देत नाही बघ."

त्यानंतरच्या रविवारी ते म्हणाले, "मला नको नेऊस." माझ्या आठवणीत उपासनेला न जाण्याबद्दल त्यांच्या तोंडून निघालेलं हे पहिलं वाक्य. आई गेली त्या आठवड्यातसुद्धा ते गेले होते.

शेजारच्या बाईंना त्यांच्याजवळ बसवून मी एकटीच चर्चला गेले. उपासनेला नाही. सरळ अय्यगारूंच्या खोलीत.

"न विचारता कसा काढला व्हिडिओ?"

त्यांना खरोखर काही कळलंच नव्हतं. "आंटी, लोक किती रडले माहीत आहे? कितीजणांनी सेवेसाठी नावं दिली."

"माझे वडील रडले नाहीत. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. त्यांची ओली पँट तुम्ही अख्ख्या दुनियेला दाखवली."

आता मात्र त्यांचा चेहरा उतरला. ते उठून उभे राहिले. "माझं लक्षच गेलं नाही, खरंच सांगतो. मी आत्ता काढायला लावतो. घरी येऊन अंकलची माफी मागतो. उपासनेत सगळ्यांसमोर मागतो."

"माफी सगळ्यांसमोर नको. खालचा हॉल द्या."

ते खुर्चीत परत बसले. मग म्हणाले, "हॉलचं कठीण आहे. मुलांचा साउंड-चेक असतो. त्यांचा उत्साह मोडला तर ती चर्चच सोडतील. तुम्ही समजून घ्या."

"तुम्ही वर्षभर काय सांगताय, अय्यगारू? जगणं म्हणजे आराधना. मग माझे वडील जगत नाहीत का? त्यांना उचलायला तुम्ही चार माणसं देता, पण ड्रम एक तास बंद ठेवत नाही. उचलणं दिसतं, बंद ठेवलेला ड्रम कुणाला दिसणार, म्हणून?"

हे मी ओरडून बोलले. बाहेर चहाचे कप धुणारी बाई थांबून बघायला लागली. अय्यगारूंनी हात जोडले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि तरी हॉल मिळाला नाही. कुणी वाईट वागलं असतं तर बरं झालं असतं असं मला वाटलं. निदान भांडायला समोर कुणी सापडलं असतं.

घरी येऊन मी पप्पांना सगळं रंगवून सांगितलं. वाटलं, खूश होतील.

"उपासनेला बसलीस?"

"नाही."

"मग गेलीस कशाला?" असं म्हणून त्यांनी पुन्हा भिंतीकडे तोंड फिरवलं. मला त्या क्षणी अय्यगारूंपेक्षा त्यांचाच जास्त राग आला.

मग घरची उपासना सुरू झाली. आम्ही दोघं, पलंग आणि प्लास्टिकची खुर्ची. मला वाटलं होतं, एक गीत, एक प्रार्थना, झालं. पण पप्पांना सगळं हवं होतं. उभं राहायच्या ठिकाणी मी उभं राहायचं. पापांगीकार, वाचन, त्यावर दोन शब्द, दानाची प्रार्थना, आशीर्वादवचन. एवढंच काय, मंडळीच्या सूचनासुद्धा.

"सूचना कुणाला द्यायच्या, पप्पा? मी एकटीच तर आहे."

"तरी दे. सूचना असतात."

मी उभी राहून सांगायचे, उद्या गॅसवाला येणार आहे, बुधवारी रक्त तपासायचंय. ते गंभीरपणे मान हलवायचे. माझे डोळे झोपेने मिटत असायचे. आठवडाभर राबून रविवारी दुपारी एक तास आडवं व्हावं, एवढीच माझी इच्छा असायची, आणि ती मी ज्या देवापुढे बोलून दाखवावी त्याच्याचसाठी हे सगळं चाललेलं. पप्पा मात्र पुढची ओळ धरायचे, अर्धी जीभ अडखळत, आणि मला त्यांच्या मागोमाग गावं लागायचं.

असे काही रविवार गेले. मग एक दिवस मंडळीतल्या एक म्हाताऱ्या बाई घरी आल्या. पूर्वी नर्स होत्या, आता दोन्ही गुडघे गेलेले. पप्पांचा रक्तदाब त्यांनी न सांगताच तपासला आणि म्हणाल्या, "मीही तीन आठवडे गेले नाही हो. मला कोण उचलणार? मी लाजेने कुणाला सांगितलं नाही, सर्दी आहे म्हणते."

मी विचारलं, "सिस्टर, जिन्याखाली पार्किंगमध्ये बसाल का?"

"बसेन की. तिथे कुणी हाकललं तर?"

"मी आहे ना."

रविवारी मी पप्पांना नेलं. जिन्याखाली, जिथे स्कूटर आणि मोटारसायकली लावतात, तिथे पप्पांची व्हीलचेअर लावली आणि शेजारी दोन खुर्च्या मांडल्या. वर उपासना सुरू झाली तेव्हा खाली पप्पांनी गीत उचललं. वरचं गीत वेगळं, खालचं वेगळं, बंद दाराआड ड्रम. अत्यंत बेसूर प्रकार होता. पण त्या रविवारनंतर आणखी दोघी खाली बसल्या. त्या वर जाताना दर रविवारी गुडघे धरायच्या, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. मग हर्नियावाले अंकल आले. पुढे पुढे वरची माणसं खालच्यांपेक्षा कमी झाली.

सेक्रेटरी जिना उतरून तरातरा आले. "हे काय चालवलंय? तुम्ही मंडळी फोडताय. आपण पाहुणे आहोत इथे, काय म्हणतील ते?"

मी तोंड उघडणार तोच पप्पांनी डाव्या हाताने मला थांबवलं.

"साहेब," ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले, "मंडळी फुटली नाही. खाली उतरली. तुम्हीपण उतरा. तुमच्या पाठीला बरं पडेल."

सेक्रेटरींच्या पाठीला पट्टा होता, हे सगळ्यांना माहीत होतं. ते वळले. तसेच वर गेले. पण त्याच्या पुढच्या रविवारी वरच्या हॉलमध्ये पाहुणे उपदेशक, सेक्रेटरी आणि त्यांच्या पत्नी एवढेच होते. उपदेशक शेवटी स्वतःच पुस्तक काखेत मारून खाली आले आणि एका स्कूटरला टेकून उभे राहिले. आमचं प्रवचन तिथेच झालं. मध्ये कुणीतरी येऊन "जरा गाडी काढतो" म्हणालं, उपदेशक बाजूला सरले, गाडी निघाली, प्रवचन पुढे चालू.

संध्याकाळच्या उपासनेला येणारी तरुण मंडळी हे बघायला लागली. पार्किंगमध्ये म्हातारी माणसं आणि आत रिकाम्या खुर्च्यांसमोर साउंड-चेक. अय्यगारूंना ते बरं दिसेना. महिन्याभराने त्यांनी सेक्रेटरींना बोलावून सांगितलं की दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, प्रभुभोजनाच्या दिवशी, खालचा हॉल मराठी मंडळीला मिळेल. बाकीच्या रविवारी नाही.

पहिला तसा रविवार आला. मी पप्पांची व्हीलचेअर सरळ दारातून आत ढकलली. स्टेजवर ड्रम मांडलेलेच होते, जमिनीला चिकटवलेल्या तारांवरून चाकं अडखळली. सेक्रेटरींनी लांबलचक आभार-प्रार्थना केली. प्रभूने दार उघडलं म्हणून आभार. अय्यगारूंच्या मोठ्या मनाबद्दल आभार. संगीताच्या टीमच्या त्यागाबद्दल आभार. पार्किंगमध्ये बसलेल्यांचा त्यात उल्लेख नव्हता. गुडघ्यांचा नव्हता, जिन्याचा नव्हता. नर्सबाईंनी माझ्याकडे पाहून भुवया उडवल्या. मी ओठ घट्ट मिटून बसले. आणि पप्पांनी, माझ्या शेजारी, सगळ्या हॉलला ऐकू जाईल एवढ्याने "आमेन" म्हटलं.

ऑटोत बसेपर्यंत मी धुमसत होते. मग सुटलेच. "कशाला म्हटलंत आमेन? महिन्यातून एक दिवस आपल्यापुढे टाकला आणि वर आपणच आभार मानायचे? तुम्हाला काहीच वाटत नाही का?"

पप्पा रस्त्याकडे बघत होते. मला वाटलं, आता क्षमेबद्दल काहीतरी सांगतील आणि मी आणखी चिडेन.

"आमेन प्रार्थनेला म्हटलं," ते म्हणाले. "हॉलला नाही. बाकीच्या रविवारांचं तू बोललीस का अय्यगारूंशी?"

"आज? आज कसं बोलणार?"

"मग मंगळवारी जा. ऑफिस सुटल्यावर ते असतात." मग म्हणाले, "आणि ओरडू नकोस. मलाही घेऊन चल."

मंगळवारी मी त्यांना नेलं. अय्यगारूंनी चहा मागवला, माफी मागितली, प्रार्थना केली, आणि बघतो म्हणाले. गेले कित्येक मंगळवार ते बघतायत. पप्पा दर वेळी शर्ट इस्त्री करून घेतात.